डावखुरी नदी

चैत संपायला नऊ दिवस उरले होते. त्रिदीप तालुकदारच्या यादीत सहा गोष्टी लिहून झाल्या होत्या आणि सातवी काट्यासारखी छातीत रुतून बसली होती.

पाठशाला गावातून ‘पदातिक’ नावाचं एक साप्ताहिक निघे. त्याच्या बिहूआधीच्या, म्हणजे आसामी नववर्षाच्या सणाआधीच्या अंकात, शेवटच्या पानावर, गेली पाच वर्षं त्रिदीपचा लेख येत होता. ‘डोळ्यांत राहिलेलं’ असं त्याचं नाव. सरत्या वर्षात पाहिलेल्या, ऐकलेल्या, वाचलेल्या सात गोष्टी, आणि सातवी म्हणजे साऱ्यांत आवडलेली. एरवी त्रिदीप कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देई-घेई आणि इतक्या हळू बोले की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. त्या एका पानावर मात्र त्याचा आवाज दूरवर जाई. गावोगावच्या नाट्यसमित्यांचे लोक ते पान कापून खिशात ठेवत. बिहू झाल्यावर पुढच्या हंगामाची बोलणी करायला ते फिरत्या थिएटरांच्या दारात येत, तेव्हा घड्या उलगडून विचारत की यातलं तुमचं नाटक कोणतं.

त्या पानावर पाच वर्षांत एक नाव कधीच आलं नव्हतं. इंद्रकांत भराली. अरुणाभ थिएटरचा नाटककार, दिग्दर्शक, आणि साऱ्या खालच्या आसामात ज्याच्या नावावर तंबू भरे असा माणूस. त्रिदीपने त्याच्याविरुद्ध एक शब्द लिहिला नव्हता. त्याने फक्त तो माणूस जन्मलाच नसल्यासारखं लिहिलं होतं. वर्षभर तो भरालीची नाटकं पाही, तिकीट काढून, तिसऱ्या रांगेत बसून. आणि चैतात ती सारी आपल्या मौनात बुडवून टाकी. बुडवताना त्याला जे सुख होई ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा अडचण अशी झाली होती की त्याला नाटक आवडलं होतं. सगळं नव्हे. संवाद नेहमीसारखेच फुगलेले होते आणि नायिका दर प्रवेशाला मूर्च्छित पडत होती. पण माघात, हाउलीच्या मैदानावर, तिसऱ्या अंकात शेजारच्या दुसऱ्या रंगमंचावर उजेड आला आणि तिथे नदी वाहू लागली, तेव्हा दोन हजार माणसांचा श्वास एकदम थांबला. काळ्या कापडावर पांढरं कापड, त्यांखाली लपून ती वेगवेगळ्या गतीने ओढणारी माणसं, आणि वरून सरकत जाणारे प्रकाशाचे असंख्य ठिपके. पाणी होतं ते. त्याला थंडी वाजली. आणि मग त्याने पाहिलं की नदी उजवीकडून डावीकडे वाहते आहे.

इतर कुठल्याही थिएटरची नदी डावीकडून उजवीकडे वाहते. दिव्याभोवती फिरणाऱ्या, भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्याचं हँडल उजव्या हाताने फिरवलं की ठिपके तसेच जातात. उलटी नदी साऱ्या आसामात एकाच माणसाने केली होती, कारण तो डावखुरा होता, आणि तो माणूस त्रिदीपचा बाप होता.

त्रिदीपने श्वास रोखून वाट पाहिली. डब्याचा एक फेरा पूर्ण झाला आणि ठिपक्यांच्या गर्दीतून एक लांबट, चपळ उजेड सळकन निघून गेला. मासा. पुढच्या फेऱ्याला पुन्हा मासा. त्रिदीप नऊ वर्षांचा असताना अंगणात बसून देउता, म्हणजे त्याचे वडील, पत्र्याला खिळ्याने भोकं पाडत होते. खिळा घसरला, भोकाऐवजी चीर पडली, आणि देउता तो पत्रा फेकून देणार तेवढ्यात आई म्हणाली होती की राहू द्या, एवढ्या मोठ्या नदीत एक तरी मासा असू दे. आई जाऊन चार वर्षं झाली होती. हाउलीच्या मैदानावर तिचा मासा भरालीच्या नाटकात पोहत होता, आणि तंबूबाहेरच्या फलकावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ‘इंद्रकांत भराली यांची नदी’.

त्या नदीला अकरा वर्षं पाणी नव्हतं, आणि ते का नव्हतं हे पाठशालेत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे जे खोटं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वीच्या चैतात अरुणाभचा हंगामातला शेवटचा, परतीचा खेळ गावच्या मैदानावर लागला होता. गुवाहाटीहून बडे पाहुणे आले होते. फिरत्या थिएटरात दोन रंगमंच शेजारी शेजारी असतात; एकावर प्रवेश चालू असताना दुसऱ्यावर पुढचा मांडतात, आणि घंटा झाली की इकडचा उजेड जाऊन तिकडे येतो. ती घंटा भराली स्वतः वाजवी. सार्थेबारीच्या कासारांकडून ओतून घेतलेली, मुठीएवढी, गोड आवाजाची घंटा. घंटा म्हणजे दिग्दर्शकाची नाडी, असं तो अभिमानाने सांगे. त्या संध्याकाळी ती वाजली आणि उजेड दुसऱ्या रंगमंचावर पडला, तेव्हा तिथे नदी नव्हती. तिथे कापडाखाली शिरण्याच्या बेतात असलेली अकरा माणसं ओणवी होती. एकाच्या तोंडात बिडी होती. आणि मधोमध दोराचा गुंता डाव्या हातात धरून खर्गेश्वर तालुकदार उभा होता, डोळ्यांवर उजेड आलेल्या जनावरासारखा.

दोन हजार माणसं हसली. ते हसू त्रिदीपने आईशेजारी बसून ऐकलं होतं. मग भराली ध्वनिक्षेपक घेऊन पुढे आला आणि म्हणाला, माफी असावी, आमच्या खर्गेश्वरचा डोळा लागला होता. त्याने देउतांना हाताला धरून पुढे आणलं आणि लोकांसमोर हात जोडायला लावले. देउतांनी जोडले. खेळ सुरू होण्याआधी निवेदक सगळ्यांची नावं घेतो, नायकापासून आचाऱ्यापर्यंत. दुसऱ्या दिवसापासून त्या नावांत खर्गेश्वर तालुकदार नव्हता. श्रावणात नव्या हंगामाच्या मालमोटारी निघाल्या तेव्हा त्याला बोलावणं आलं नाही. झोपणारा माणूस म्हणून दुसऱ्या कुठल्या थिएटरनेही त्याला घेतलं नाही.

हाउलीहून परतल्यावर त्रिदीपने तीन रात्री खपून एक लेख लिहिला. त्यात चोर हा शब्द सात वेळा होता. इतकं वाईट त्याने आयुष्यात लिहिलं नव्हतं, आणि इतक्या आनंदानेही.

‘पदातिक’च्या संपादिका भानुमती दास चैतात तो लेख वाचताना तामूल चघळत होत्या. पंचावन्न वर्षांच्या, जाड चष्म्याच्या, निम्म्या गावाच्या बाइदेउ, थोरल्या ताई. दुसऱ्या पानावर त्यांनी चघळणं थांबवलं, तिसरं पान वाचलंच नाही.

“हे काय आहे?”

“सातवी गोष्ट, बाइदेउ.”

“पानाचं नाव काय?”

“डोळ्यांत राहिलेलं.”

“मग डोळ्यात गेलेलं कुसळ इथे कशाला आणतोस?” त्यांनी कागद परत सरकवले. शिव्या द्यायच्या तर चौथ्या पानावर वाचकांची पत्रं असतात, तिथे चाळीस शब्दांत दे, असं त्यांनी सुनावलं. या पानाला एकच नियम आहे आणि तो तूच केला आहेस, इथे आवडलेलं तेवढंच येतं. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, नदी आवडली की नाही, खरं सांग.

त्रिदीपने टेबलावरची चुन्याची डबी उघडून मिटली. बरपेट्याच्या होळीगीतांतला तो फुटक्या आवाजाचा म्हातारा त्याला आवडला होता. नळबारीच्या एका मुलीचं, मुगा रेशमाच्या दोऱ्याने शिवलेलं चोवीस पानी कवितांचं पुस्तक त्याने उशाशी ठेवलं होतं. एका निवृत्त मास्तरांनी केलेल्या रावणाच्या दहा मुखवट्यांतला नववा का हसतो, याचा विचार करत त्याचा अख्खा पौष गेला होता. पण वर्षभरात त्याला रडू आलं होतं ते एकदाच.

“आवडली,” तो म्हणाला. भानुमतींना वाकावं लागलं.

“मग नीट लिही. नाही तर सहाच छापते आणि खाली मीठ-मिरचीची जाहिरात टाकते.”

पेच असा पडला. नदीविषयी गप्प राहावं तर भरालीबरोबर देउतांची नदीही बुडते आणि आईचा मासाही. लिहावं तर फलकावरचं नाव खरं ठरतं. पाच वर्षं जे मौन त्याला तलवारीसारखं वाटलं होतं, ते यंदा त्याच्याच घरावर चाल करून आलं होतं.

दोन दिवसांनी, दुपारच्या सुस्तीत, ग्रंथालयाच्या दाराशी सावली पडली. भराली आला होता. सत्तरीला टेकलेला, पण अजून ताठ. खांद्यावर फुलाम, विणीत फुलं असलेला गामोसा, अंगाला अत्तर. त्याने समोरची खुर्ची ओढून घेतली आणि कंबरेच्या पिशवीतून तामूल काढून पुढे केलं. त्रिदीपने ते घेतलं नाही, तेव्हा स्वतःच तोंडात टाकलं.

हाउलीला तिसऱ्या रांगेत बसला होतास, असं तो म्हणाला. पडद्याच्या फटीतून मी प्रेक्षकांना बघतो, सवय आहे माझी. नदी आली आणि तू रडलास.

लहानपणी हा माणूस घरी येई तेव्हा आई त्याच्यासाठी तिळाचा गोड पिठा करी आणि त्रिदीप त्याला इंद्र खुरा, म्हणजे इंद्रकाका, म्हणे. तो शब्द त्याच्या जिभेवर अजून होता, आणि त्याची त्याला शरम वाटत होती.

“मला शिव्या दे,” भराली म्हणाला. “लिही की संवाद पोकळ, नायिका रडकी, भरालीला म्हातारचळ लागलाय. मी काही म्हणणार नाही. पण नाव लिही. समितीवाले तुझ्या त्या पानावर बोट फिरवतात आणि माझ्याकडे बघून विचारतात, इंद्रदा, तुम्ही हल्ली लिहीत नाही वाटतं? नाव नसलं की माणूस मेल्यात जमा होतो रे, पोरा.”

“देउतांचंही नव्हतं,” त्रिदीप म्हणाला.

“कुठे?”

“निवेदनात. अकरा वर्षं.”

भराली मोकळेपणी हसला. “दोर ओढणाऱ्यांची नावं घेत बसलो तर नाटकाला पहाट होईल.”

“आचाऱ्याचं घेता.”

“आचारी रुसला तर खायचं काय?”

“नदी कुणाची, खुरा?”

शब्द निघून गेलाच. भरालीने उठता उठता गामोसा सारखा केला. “ज्याच्या नाटकात वाहते त्याची,” तो म्हणाला, आणि दारापर्यंत जाऊन वळला. “कोपऱ्यात लिही, सगळ्यांत शेवटी लिही, बारीक अक्षरांत लिही. पण नाव लिही माझं.”

तो गेल्यावर अत्तराचा वास बराच वेळ कपाटांमध्ये रेंगाळत राहिला. हा माणूस मागायला आला होता. जे त्याने स्वतः बापाकडून काढून घेतलं होतं नेमकं तेच, आणि ते काढून घेतल्याने काय होतं याची त्याला पुरती जाण होती.

संध्याकाळी देउता अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसले होते. मासे धरायच्या जाकोया विणून ते बाजाराच्या दिवशी विकत. त्यांच्याजवळ कोंबडीची पिलं झाकून ठेवलेला पत्र्याचा डबा होता, भोकं पाडलेला; नदीसाठी केलेला पहिला, फसलेला डबा. अकरा वर्षं त्याखाली पिलं वाढत होती. माघापासून जे पोटात ठेवलं होतं ते त्रिदीपने त्यांना सांगितलं. त्याला वाटलं होतं, देउता उठून जातील.

“कुठून कुठे वाहते?” त्यांनी विचारलं.

“उजवीकडून डावीकडे.”

“हँडल तिकडच्याच अंगाला आहे अजून.” कामटीवर सुरी चालत राहिली. “मासा?”

“दिसला. दर फेऱ्याला.”

सुरी थांबली. देउतांनी कामटी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. नंतर त्यांनी जे सांगितलं ते त्रिदीपने कधीच ऐकलं नव्हतं. त्या दिवशी डोळा लागला नव्हता. नदी सुरू करायची असो की थांबवायची, खर्गेश्वरचा डावा हात वर गेल्याशिवाय घंटा वाजवायची नाही, असा भरालीशी ठरलेला नियम होता. हात खालीच होता. भराली विंगेतून गुवाहाटीच्या पाहुण्यांकडे बघत होता, त्यांच्यात कुणी उठून जातंय असं त्याला वाटलं, आणि त्यांना रोखायला त्याने घंटा आधीच वाजवली.

मग लोकांसमोर हात का जोडलेत, असं त्रिदीपने विचारलं. देउता म्हणाले, मी वाद घातला असता तर नाटक तिथेच मोडलं असतं, आणि पुढे कुणी विचारलंच नाही.

अंधारून येत होतं. देउतांनी डबा उचलून पिलं टोपलीत भरली. मग डबा गुडघ्यावर धरून त्यांनी विचारलं, “घंटा अजून तोच वाजवतो?”

“कुणाच्या हाती देत नाही.”

“मग तेवढं लिही.”

“काय?”

“घंटा कोण वाजवतो ते.”

देउतांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या कारागिराला हवा तो खिळा डब्यात सापडावा, तसा चेहरा झाला होता. आणि त्रिदीपला एकदम दुपारचं वाक्य आठवलं. सगळ्यांत शेवटी लिही. बारीक अक्षरांत लिही. त्याच्या अंगावर काटा आला, पण तो गोड काटा होता.

भानुमतींनी मात्र हात आखडला. बापाची साक्ष आणि मुलाचा लेख, असं मी छापणार नाही, त्या म्हणाल्या. पाण्याखालचं, त्या कापडाखालच्या अकरांतलं कुणी असेल तर आण.

पाण्याखालचा मुनीन बसथांब्यावर तामूल-पान विकत होता. बिडी ओढताना उजेडात सापडलेला तोच. त्रिदीपने विचारलं तेव्हा त्याने आधी आजूबाजूला पाहिलं. अकरा वर्षं त्याला वाटत आलं होतं की लोक त्याच्या बिडीला हसले, आणि त्यापायी खर्गदाची भाकरी गेली.

“हात वर गेलाच नव्हता,” मुनीन म्हणाला. “मी हाताकडेच बघत होतो ना. वेळ आहे म्हणून तर बिडी पेटवली. वेळ नसता तर पेटवली असती का? मी काय एवढा हा आहे?”

हे सगळं कागदावर लिहून त्याने खाली सही केली. सहीनंतर त्रिदीपला बळेबळे पान खायला घातलं आणि पाण्याखालच्या बाकीच्या दहा जणांची नावं गावांसकट सांगितली.

गुरुवारी अंक निघाला. बाकीच्या सहा गोष्टींवर त्रिदीपने नेहमीसारखंच हळुवार लिहिलं होतं. सार्थेबारीच्या कासारांच्या घणांच्या तालावर तर त्याने यंदाचं सगळ्यांत चांगलं वाक्य खर्ची घातलं होतं. सातवी गोष्ट अशी होती:

‘यंदा मला साऱ्यांत आवडली ती एक नदी. अरुणाभ थिएटरच्या नव्या नाटकात, तिसऱ्या अंकात ती वाहते. ती उजवीकडून डावीकडे वाहते, कारण तिला वाहायला शिकवणारा हात डावखुरा होता. तिच्यात एक मासा आहे. न पाहिलेल्यांनी तो जरूर पाहावा. थिएटरात खेळाआधी नावं सांगायचा रिवाज आहे, म्हणून सांगतो. नदी: खर्गेश्वर तालुकदार. मासा: हिरण्यप्रभा तालुकदार, ज्या आता नाहीत. पाण्याखाली, पहिल्या वेळी: मुनीन, थानेश्वर, पदुम, रत्नेश्वर, भोगेश्वर, सहदेव, तिलक, दंडीराम, माणिक, कामिनी आणि हाउलीचा जब्बार. घंटा: इंद्रकांत भराली. अकरा वर्षांपूर्वी याच गावात, खर्गेश्वरचा हात वर जाण्याआधी जी वाजली, ती घंटाही त्यांचीच.’

एवढंच. खाली भानुमतींनी मुनीनचा कागद जसाच्या तसा छापला होता.

दुपारपर्यंत अंक संपला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना विचारत होते की खर्गेश्वर झोपला होता हे आपल्याला कुणी सांगितलं, आणि सगळ्यांचं उत्तर एकच येत होतं, भरालीने. शुक्रवारी सकाळी केसांना तेल लावून शाळेत निघालेली पोरं भरालीच्या घरावरून जाताना तोंडाने टण्ण करून पळत होती. त्रिदीपने हे ऐकलं. आपण लाजाळू माणूस आहोत हे त्याला ठाऊक होतं, पण आपण इतके क्रूर आहोत हे त्याला त्या दिवशी कळलं. त्याला अपराधी वाटलं नाही. त्याने त्या रात्री दोनदा भात मागून घेतला.

शनिवारी अरुणाभचा परतीचा खेळ होता, गावच्याच मैदानावर. भरालीने घंटा दुसऱ्या कुणाला दिली तर ती कबुली ठरली असती, आणि स्वतः वाजवली तर लेख खरा होत होता. तो काय करतो हे पाहायला तंबू खांबांपर्यंत भरला. देउतांनी धुतलेलं धोतर नेसलं, खांद्यावर आईने विणलेला शेवटचा गामोसा घेतला आणि ते त्रिदीपच्या पुढे चालू लागले. ते अकरा वर्षांनी तंबूत पाऊल टाकत होते. तिसऱ्या रांगेत लोक सरकले आणि त्यांना जागा झाली.

निवेदक नावं वाचू लागला. ‘नदीची कल्पना, इंद्रकांत भराली’ असं तो म्हणाला, तेव्हा मागच्या अंधारातून कुणीतरी शांतपणे दुरुस्ती केली, “घंटा.” तंबूभर खसखस पिकली. त्रिदीपने ती घोटाघोटाने प्यायली.

पहिले दोन अंक कुणी धड ऐकले नाहीत. घंटा झाली की हसू येई. सार्थेबारीची ती गोड घंटा, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठं हसू. तिसऱ्या अंकात ती वाजली आणि उजेड दुसऱ्या रंगमंचावर गेला, तेव्हा हास्याचा असा लोट उठला की तंबूचं कापड थरथरलं. नदी निघाली होती. ती दोन हात पुढे आली, अडखळली आणि थांबली.

त्रिदीपचंही हसू थांबलं. कापडाखाली नवी माणसं होती. त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. कापडाखालून ऐकलं तर ते हसू कुणावर आहे हे कसं कळावं? त्यांना वाटलं, आपण उघडे पडलो. मधोमध कापडाचा एक उंचवटा भेदरून गोठून राहिला होता. प्रकाशाचे ठिपके थांबलेल्या पाण्यावरून वेड्यासारखे पळत होते. अकरा वर्षांपूर्वी बापाने जे ऐकलं तेच आता हे लोक ऐकत होते, आणि या वेळी ते हसू त्रिदीपने लिहिलं होतं.

शेजारची खुर्ची करकरली. देउता उभे राहिले होते.

“ओढा रे!” ते ओरडले. पाण्याखाली हुकूम पोचवायचा जुना, पोटातून येणारा आवाज. “ओढा! तुम्हाला नाही हसत कुणी!”

हसू कुऱ्हाडीने तोडल्यासारखं संपलं. दोन हजार माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. कापड एकदा थरारलं, मग त्याला ताण बसला, आणि नदी वाहू लागली. उजवीकडून डावीकडे, आधी भीत भीत, मग भरून. कुणी खोकलंही नाही. मासा गेला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीला बोट करून दाखवला. देउता खाली बसले. गुडघ्यावरचा त्यांचा डावा हात अजून गोल गोल फिरत होता.

नायिकेची होडी आली आणि गेली. आता घंटा व्हायची, उजेड पलीकडे जायचा. घंटा झाली नाही. पलीकडच्या अंधारात पुढच्या प्रवेशाचे नट उभे असणार. नदी वाहत राहिली. विंगेच्या फटीत अत्तर लावलेला एक म्हातारा मुठीत घंटा धरून उभा होता, आणि तिसऱ्या रांगेतून त्रिदीपला त्याचे डोळे स्पष्ट दिसत होते. ते खर्गेश्वर तालुकदारच्या हाताकडे लागलेले होते.

हळूहळू ते साऱ्या तंबूच्या लक्षात आलं. लोक नदीकडे बघत, मग देउतांच्या हाताकडे, मग विंगेकडे.

“देउता,” त्रिदीप कुजबुजला, “वाट बघतोय तो.”

“दिसतंय.”

देउतांनी हात फिरवणं थांबवलं आणि तो मांडीवर उपडा ठेवला. मासा आणखी एकदा गेला. पुन्हा गेला. कापडाखालच्या माणसांचे हात भरून आले असतील, असं त्रिदीप म्हणाला.

“दमतील थोडे,” देउता म्हणाले. त्यांची नजर पाण्यावर होती. “पण वाहू दे अजून जरा.”